आईची पंचाहत्तरी, मावशीचा पहिला पासपोर्ट आणि सिंगापूरचं जहाज

जानेवारी २०२५ मध्ये आईला पंचाहत्तर पूर्ण झाली. काय हवं म्हणून विचारलं तर म्हणाली, "मोठ्या बोटीत बसायचंय." आम्ही बघतच राहिलो, कारण आमच्या घरात बोटीचा विषय कुणी सहसा काढत नाही. आईचं माहेर अलिबागजवळचं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, त्यांत आईचे एक चुलतकाका होते. आईचा जन्म त्यानंतरचा, पण दर आषाढी अमावास्येला ती हकीकत ऐकतच ती मोठी झाली. लग्नानंतरही माहेरी जायचं तर लाँच नको, पनवेल-पेण करत एसटीने जायची. अशी माझी आई समुद्रावर चार रात्री काढायच्या म्हणत होती, आणि सोबत धाकटी बहीण, म्हणजे माझी डोंबिवलीची मावशी, हवीच होती.

आम्ही राहतो ठाण्यात, पाचपाखाडीला. सुरुवातीला मी आणि नवरा रात्री जेवणं झाली की इंटरनेटवर क्रूझचे दर बघत बसायचो. त्यातून एवढं कळलं की मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो एका केबिनमध्ये दोघं धरून माणशी असतो. बंदराचे कर आणि जहाजावरच्या टिप्स बहुतेक वेळा त्यात नसतात. तीच केबिन, तीच तारीख, पण तीन ठिकाणी तीन आकडे. मग एका नावाजलेल्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मुलाने ग्रुप टूरचं माहितीपत्रक हातात दिलं. दोघी वयस्कर आहेत म्हटल्यावर "व्हीलचेअर लिहून टाकू" एवढंच बोलला. आईचे गुडघे कसे आहेत, मावशी काय खाते, याबद्दल एक प्रश्न नाही. परतताना आई रिक्षात गप्प होती.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने नौपाड्यातल्या, सहली आखून देणाऱ्या एका प्लॅनरबाईंचं नाव सुचवलं. गोखले रोडच्या मागच्या गल्लीत, जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर छोटंसं ऑफिस. फेब्रुवारीत आईला घेऊनच गेलो. बाईंनी पहिला तासभर एकही जहाज दाखवलं नाही. आधी आईला विचारलं, "काकू, किती पायऱ्या चढवतात? रात्री किती वेळा उठावं लागतं? गोळ्या कुठल्या घेता, यादी आहे? कांदा-लसूण चालतो?" मग आमच्याकडे वळून, पासपोर्ट कुणाकुणाचे आहेत, कधी संपतात, त्यावर नावं कशी लिहिली आहेत. आई भराभर उत्तरं देत होती. मला तिथेच धीर आला.

त्यांची फी पाच हजार रुपये, सगळ्या कुटुंबाची मिळून, आणि बुकिंग केलं तर ती बिलातून वजा. कमिशन जहाज कंपनीकडून मिळतं, त्यामुळे तुम्हाला भाडं वाढवून लावत नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं. तुम्ही कुणाकडेही गेलात तरी दोन गोष्टी आधी विचाराच. जहाज कंपनीचा बुकिंग नंबर आमच्या नावावर मिळेल का, म्हणजे तो कंपनीच्या साइटवर टाकून आपल्याला स्वतः बघता येतो. आणि रद्द केलं तर कुठल्या तारखेला किती पैसे कापले जातील, हे लेखी द्याल का. आमच्या बाईंनी दोन्हीला लगेच हो म्हटलं आणि तारखांचा तक्ता त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पाठवला.

मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणारं जहाज आहे, त्याला पासपोर्टही लागत नाही, हा पर्याय त्यांनी आधी मांडला. पण लक्षद्वीपला छोट्या बोटींतून उतरावं लागतं आणि तिथला मुख्य आनंद उतरण्याचाच आहे. आईला ते जमेल याची खात्री नव्हती. म्हणून सिंगापूर-पेनांग-फुकेत-सिंगापूर असा चार रात्रींचा फेरा ठरला. तारीख निवडतानाही त्यांनी कारण सांगितलं: मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अंदमान समुद्र खवळलेला असतो, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत त्या मानाने शांत. २२ नोव्हेंबर पक्की केली.

केबिनचं मात्र नीट समजून घ्या, कारण पैसे आणि त्रास दोन्ही तिथेच वाचतात. सगळ्यांत स्वस्त ती आतली, खिडकी नसलेली. मग खिडकीची, मग बाल्कनीची. जहाज पुढच्या आणि मागच्या टोकाला जास्त हलतं, वरच्या मजल्यांवरही जास्त जाणवतं. म्हणून मध्यभागी, खालच्या मजल्यावर, लिफ्टजवळची केबिन घ्यायची. "गॅरंटी" नावाचा एक स्वस्त प्रकार असतो, त्यात केबिनचा नंबर कंपनी शेवटी देते. दोघीच असत्या तर चाललं असतं, पण आई-मावशी एका टोकाला आणि आम्ही दुसऱ्या, असं झालं असतं तर रात्री-अपरात्री तीनशे मीटरच्या जहाजात धावायचं कुणी? आम्ही नंबर निवडून शेजारशेजारच्या दोन खिडकीच्या केबिन घेतल्या. बाल्कनी नको, असं आईनेच सांगितलं.

मग कागदपत्रं. आईचा पासपोर्ट मार्च २०२६ ला संपणार होता. प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते, म्हणजे नवा काढणं आलं. मावशीचा तर पहिलाच. वागळे इस्टेटमधल्या पासपोर्ट सेवा केंद्रात दोघींच्या वेळा घेतल्या. छत्तीस पानी पासपोर्टला १,५०० रुपये. साठीच्या पुढच्यांना नव्या अर्जावर दहा टक्के सूट असते, म्हणून मावशीला १,३५० पडले. आईचा पुन्हा काढायचा असल्याने तिला सूट नाही.

मावशीच्या नावाचं प्रकरण जरा लांबलं. पॅनवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, आणि बँकेच्या पासबुकावर मधलं नाव वडिलांचं. आधी आधार केंद्रात पन्नास रुपये भरून नाव दुरुस्त केलं, मग अर्ज. पोलीस पडताळणीला घरी हवालदार आले, मावशीने त्यांना चहा दिला आणि सगळे कागद ओळीने मांडून ठेवले. एप्रिलच्या शेवटी पासपोर्ट आला तेव्हा ती तो पिशवीत घालून डोंबिवलीहून मला दाखवायला आली. आपल्याकडे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव मध्ये असतं, ते पासपोर्टवर कुठल्या रकान्यात छापलंय ते बघा. विमानाचं तिकीट आणि जहाजाचं बुकिंग अक्षर न् अक्षर तसंच हवं. बाईंनी आम्हाला नावं टाइप करूच दिली नाहीत. पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो मागितले आणि त्यावरून स्वतः भरली.

मे महिन्यात अनामत भरून केबिन धरल्या. आमच्या जहाजाला उरलेली रक्कम सुटण्याच्या ७५ दिवस आधी द्यायची होती, म्हणजे ८ सप्टेंबर. त्या वर्षी अनंत चतुर्दशी सहा तारखेला. विसर्जन आटोपलं आणि पैसे भरले. हिशोब असा: जहाजाचं भाडं करांसह माणशी ५४,०००. टिप्स माणशी रोजचे साडेअठरा डॉलर, त्या आधीच भरल्या, चौघांचे मिळून साधारण २६,०००. सिंगापूरमध्ये एक रात्र दोन खोल्या, ३२,०००. या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी आणि पुन्हा पाच टक्के टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून आधीच घेऊन सरकारात भरायचा प्राप्तिकर. विमानाची तिकिटं आम्ही वेगळी काढली, माणशी ३१,०००. व्हिसा माणशी ३,२००. विमा चौघांचा सात हजार, त्यातला बराचसा दोघी ज्येष्ठांचा. वर जहाजावर आणि बंदरांत झालेला खर्च धरून सगळे मिळून पावणेपाच लाखांच्या आसपास गेले. रक्कम मोठी आहे. आम्ही त्यासाठी आवर्ती ठेव चालवली होती.

सिंगापूरचा व्हिसा आपण अधिकृत एजंटमार्फत काढतो, आणि अर्ज प्रवासाआधीच्या महिनाभरातच करणं बरं. म्हणून भाऊबीज झाल्यावर कामाला लागलो. १४ए फॉर्म, बँकेचं स्टेटमेंट, तिकिटं, हॉटेलचं बुकिंग, आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो. मावशीचा फोटो परत आला, चष्म्यावर फ्लॅशची चकाकी होती. पुन्हा काढला, चष्मा उतरवून. व्हिसा हातात आल्यावर बाईंनी पहिली गोष्ट तपासली ती म्हणजे एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश आहे की नाही. जहाज सिंगापूर सोडून पुन्हा सिंगापूरलाच येतं, म्हणजे आपण त्या देशात दोनदा शिरतो. एकदाचाच प्रवेश असता तर परतताना अडकलो असतो. मलेशिया आणि थायलंडला त्या वेळी आपल्याला व्हिसा लागत नव्हता.

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं, आणि ते फुकट असतं. पैसे मागणाऱ्या साइट निघाल्या तर लगेच बंद करा. जहाजातून परत येतानाही ते पुन्हा भरावं लागतं.

सामानाची यादी बाईंनी दिली होती. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड घेऊ नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. घरचं खाणं नको, सीलबंद पाकिटं चालतात. आईने थालीपिठाची भाजणी डब्यात भरली होती, ती बाहेर काढताना तिला वाईट वाटलं. शेवटी लाडू-चिवड्याची दुकानातली पाकिटं घेतली. गोळ्या मूळ पाकिटांत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. सिंगापूरमध्ये काही झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांवर निर्बंध आहेत, म्हणून मावशीच्या गोळ्यांची यादी बाईंनी आधीच बघून घेतली होती. ती फेब्रुवारीत का मागितली ते मला तेव्हा कळलं.

२० नोव्हेंबरच्या रात्री निघालो. विमानतळावर व्हीलचेअर एअरलाइनला आधी कळवली होती, ती वेळेवर आली. जहाजाच्या आदल्या दिवशी पोहोचायचंच, हा बाईंचा आग्रह होता. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. शिवाय रात्रभर जागून आलेल्या दोन म्हाताऱ्या बायकांना तसंच रांगेत उभं करणं बरोबरही नाही. तो दिवस त्या नुसत्या झोपल्या.

२२ ला मरिना बे क्रूझ सेंटरला गेलो. तिथे जहाजापर्यंत व्हीलचेअर मिळते, पण आत गेल्यावर ती परत द्यावी लागते. रोज लागणार असेल तर स्वतःची किंवा भाड्याची न्यावी. हे आधी माहीत असल्याने आईची घडीची काठी आणि मधे टेकायला छोटं स्टूल नेलं होतं. चढताना आमचे पासपोर्ट जमा करून घेतले आणि पावती दिली. माझ्या पोटात गोळा आला. परदेशात पासपोर्ट हातचा सोडू नये, हेच आजवर ऐकलेलं. पण बंदरांवरच्या इमिग्रेशनसाठी जहाजं असं करतात, हे बाईंनी सांगून ठेवलं होतं, आणि फोटोकॉपीही प्रत्येकाच्या पर्समध्ये होती.

मग आपत्कालीन सराव. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया हे क्रूझ जहाज कलंडलं, तेव्हा त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव व्हायचाच होता. त्यानंतर नियम कडक झाला आणि आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर तो घ्यावाच लागतो. आमच्या जहाजावर आधी फोनवर सूचनांचा व्हिडिओ बघायचा, मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन कार्ड स्कॅन करून यायचं. बहुतेक लोक मिनिटभरात मोकळे होत होते. आई नाही झाली. व्हिडिओ तिने माझ्याकडून मराठीत सांगून घेतला होता, आणि त्या जागी उभ्या असलेल्या तरुण कर्मचाऱ्याला तिने हिंदीत विचारायला सुरुवात केली. होड्या कुठे आहेत? सगळ्यांना पुरतील? माझी कुठली? तो कुडाळचा निघाला. मग काय, मालवणीतच सुरू झालं. त्याने आईच्या कार्डावर छापलेलं अक्षर दाखवलं, तेच अक्षर भिंतीवर दाखवलं, बाहेर टांगलेली केशरी-पांढरी होडी दाखवली. सगळ्यांना पुरून उरतील इतक्या जागा आहेत म्हणाला. जॅकेट तिच्या अंगात घालून पट्टा आवळला, खांद्याजवळची शिट्टी आणि पाण्यात पडल्यावर लागणारा दिवा कुठे आहे ते तिच्या बोटांनी चाचपायला लावलं. आईने शिट्टी धरून ठेवली आणि म्हणाली, "हे आधीच दाखवतात, हे फार बरं करतात." रांग मागे वाढत होती, पण त्याने घाई केली नाही. त्या रात्री आई शांत झोपली. मला सकाळपर्यंत तिच्या दारावर टकटक करावीशी वाटत होती, ती केली नाही.

जेवणाचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. शाकाहारी आहोत हे बुकिंगच्या वेळीच नोंदवलं होतं. पहिल्या रात्री मुख्य डायनिंग हॉलमध्ये वेटरला ते पुन्हा सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्यासाठी वरण-भात, एक भाजी, रोटी येऊ लागली. चहा मात्र यंत्रातला. आईने तो चार दिवस मुकाट्याने प्यायला.

पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला, म्हणजे जॉर्ज टाउनच्या अगदी दाराशी लागतं. सहल विकत घेण्याची गरजच नाही. फोर्ट कॉर्नवॉलिस हाकेच्या अंतरावर, लिटल इंडिया जवळच. आम्ही टॅक्सीने १८३३ च्या महामारिअम्मन देवळात गेलो, बाहेर गजरे घेतले आणि तासाभरात परतलो. फुकेतला मात्र जहाज पाटोंगसमोर नांगर टाकतं आणि किनाऱ्यावर लहान बोटीने जावं लागतं. ती पाण्यावर वरखाली होत असते आणि तिच्यात पाय टाकून उतरावं लागतं. बाईंनी याचा व्हिडिओ आईला ठाण्यातच दाखवला होता, आणि जहाजावरच थांबायचं हे आईने तेव्हाच ठरवलं होतं. मावशी आमच्याबरोबर आली. नवऱ्याने खालून हात दिला, वरून एका कर्मचाऱ्याने दंड धरला, आणि ती पदर खोचून उतरली. फुकेतचं घड्याळ सिंगापूरपेक्षा तासभर मागे असतं, पण आमचं जहाज सिंगापूरच्याच वेळेवर चालत होतं. शेवटच्या बोटीची वेळ जहाजाच्या घड्याळाने धरायची. फोनचं घड्याळ आपोआप बदलतं, म्हणून मावशीने हातावरचं घड्याळच प्रमाण मानलं. एकट्याने फिरायला गेलात आणि उशीर झाला, तर जहाज निघून जातं.

जहाजावर फोन कायम फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर समुद्रावरचं नेटवर्क पकडून भलतं बिल येतं. वाय-फाय महाग होतं, आम्ही एकाच फोनवर घेतलं. जहाजावरचा खर्च डॉलरमध्ये कार्डावर चढतो. साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचं साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क लागतं, ते धरून चाला. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, चपला, गोळ्या आणि कवळी आधी बाजूला काढा. २६ तारखेला बिल तपासलं तर त्यात आम्ही न घेतलेल्या बाटलीबंद पाण्याचे पैसे होते. तिथेच काउंटरवर सांगितलं, लगेच वजा झाले. उतरल्यावर कळलं असतं तर महिनाभर ईमेल करत बसावं लागलं असतं.

आता टीसीएसबद्दल, कारण तो खर्च नाही आणि बरेच जण तो सोडून देतात. २०२५-२६ मध्ये परदेशी पॅकेजवर दहा लाखांपर्यंत पाच टक्के लागत होता. क्रूझमध्ये प्रवास आणि मुक्काम दोन्ही असल्याने तो लागतोच. ज्याच्या पॅनवर तो जमा होतो त्याला रिटर्नमध्ये वळता करता येतो किंवा परत मिळतो. आई-मावशी रिटर्न भरत नाहीत, म्हणून बाईंनी सगळं बिल माझ्या नवऱ्याच्या पॅनवर केलं. त्या वर्षी नोकरदारांना १२बीएए फॉर्म ऑफिसात देऊन पगारातून कापला जाणारा कर (टीडीएस) तेवढा कमी करून घेता येत होता, त्याने तेच केलं. प्लॅनरकडून टीसीएसचं प्रमाणपत्र (तेव्हा ते २७डी होतं) मागून घ्या आणि प्राप्तिकर खात्याच्या साइटवर आपल्या नावे जमा कराच्या विवरणात (तेव्हा २६एएस) रक्कम दिसते का ते बघा. आमची एक रक्कम सुरुवातीला दिसत नव्हती. बाईंना फोन केल्यावर त्यांनी त्यांच्या सीएकडून तपासून घेतलं आणि जानेवारीत ती दिसू लागली.